दुसरी बाजू नसलेली कॅसेट

कट्टा, ता. मालवण
५ नोव्हेंबर २०२४

सेलेस्तीन अंकल,

...आणि तुम्ही जॉयसीताईंकडून विचारलंत तो बेल्ट, तो बेल्ट राहिलेलाच नाही! मागचं झाकण उघडलं तर आत नुसतं काळं डांबर. चाकाला चिकटलेलं, खोबणीत चिकटलेलं, आणि आता माझ्या बोटांना, शर्टाला आणि बाबांच्या कॅल्क्युलेटरलापण चिकटलेलं. बाबा म्हणाले, "मेल्या, तुका दुकानात मिक्सर दुरुस्त करूक बसयलंय, आणि तू ह्या काय घेवन बसलंस?" मी म्हटलं, बाबा, हा चार ट्रॅकचा रेकॉर्डर आहे, अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल. तर म्हणतात, "मगे गिराइक पण दुसरो नसतलो."

पण खरं सांगू, जॉयसीताई तोंडवलीचं तुमचं घर साफ करून वसईला परत जाताना हे मशीन माझ्या टेबलावर ठेवून गेल्या, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. मी तेवीस वर्षांचा, म्हणजे मला कळायला लागलं तेव्हा कॅसेट संपल्यापण होत्या. असली मशीन्स मी फक्त व्हिडिओत बघितली. हातात पहिल्यांदाच. फोन केला असता, पण ताई म्हणाल्या की फोन कानाला लावला की तुमचं कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि मोबाइलवरचं बारीक अक्षर तुम्हाला दिसत नाही. म्हणून पत्र. मराठी पत्र मी फक्त परीक्षेत मार्कांसाठी लिहिलंय, सांभाळून घ्या.

तर डांबर काढलं. स्पिरिट आणि कान साफ करायच्या काड्या, अर्धं पाकीट संपलं. हेड पुसलं, आता आरशासारखं चमकतंय. बटणांखाली खारा वारा जाऊन हिरवं जमलंय, ते खरवडतोय. रबरी रोलर दगड झालाय. बेल्ट आणि रोलर ऑनलाइन मागवलेत.

तोपर्यंत राहवेना, म्हणून मशीनच्या आत होती ती कॅसेट आमच्या जुन्या टू-इन-वनमध्ये लावून बघितली. ए साइडला फक्त पखवाज आणि पेटी, तेही दारू प्यायल्यासारखं हळू. गाणारा कोणी नाहीच! आणि बी साइड तर पूर्ण उलटी, नुसतं ऱ्हूं ऱ्हूं. ती बाजू खराब झाली असणार, एवढी वर्षं झाली ना. पण टेन्शन घेऊ नका, ए साइड मस्त आहे.

तुमचा,
सर्वेश


वसई
१३ नोव्हेंबर

चि. सर्वेश यास आशीर्वाद.

तुझं अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं, पण वाचलं.

अरे झिला, बी साइड खराब नाही. बी साइड नाहीच! साधी कॅसेट म्हणजे आपला गावचा रस्ता: अर्ध्यातून जायचं, अर्ध्यातून परत यायचं. ह्या मशीनवर अख्खी पट्टी एकाच दिशेला धावते, चार गाड्या शेजारीशेजारी, आणि दुप्पट वेगाने. तुझ्या टू-इन-वनला त्यातल्या दोन गाड्या हळू दिसल्या आणि उरलेल्या दोन उलट्या. बस, एवढंच. रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडतात ना, तोही मी एकाच अंगाचा मोडला होता. दुसरी बाजूच नाही, तर तिचा तुकडा कशाला मोडू?

आता त्या पट्टीवर काय आहे ते ऐक. ८९ सालचा मे महिना. मी बहारीनहून सुट्टीवर आलो होतो. घरच्यांसाठी काही आणायचं सोडून हे मशीन आणलं, म्हणून तुझी आंटी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. गणपत माझा शाळेतला सोबती, तेव्हा नावाजलेला बुवा. डबलबारीला दोन मंडळं समोरासमोर भजनाला बसली की समोरच्या बुवाला गणपत घाम फोडायचा. त्याला आणि त्याच्या मंडळाला आमच्या खळ्यात बसवलं. एक नंबरवर पखवाज, दोनवर पेटी, तीनवर गणपतचा गळा, चारवर कोरस आणि झांज. आधी अभंग, मग गौळण, शेवटी गजर. गजराची चाल त्याची स्वतःची. कॅसेट संपून खटकन बंद झाली तरी हा गातोच आहे!

आता तो वालावलला मुलाच्या घरी असतो. पॅरालिसिसने उजवं अंग गेलं. दोन-तीन शब्द कसेबसे बोलतो, गाणं संपलं. त्याची सून रसिका जॉयसीला म्हणाली, तो सारखा एकच शब्द काढतो: गजर. त्याच्या त्या गजराचं दुसरं रेकॉर्डिंग कुठेही नाही. म्हणून ही सगळी धडपड. मशीन फिरलं की तूच ते घेऊन वालावलला जा आणि त्याला ऐकव. मी आलो असतो, पण येऊन मला काय ऐकू येणार?

तुझा,
सेलेस्तीन अंकल


कट्टा
१७ नोव्हेंबर
(पाठवलं नाही)

अंकल,

कसं लिहू कळत नाही. तुमचं पत्र यायच्या आधीच मी एक केलं होतं. आमचा टू-इन-वन रेकॉर्ड करतो का ते बघायचं होतं. बी साइड खराब आहे असं मीच ठरवलेलं. कॅसेट उलटी टाकली, लाल बटण दाबलं. त्या अंगाचा तुकडा शाबूत होता, बटण सहज बसलं. मग मी गिटार वाजवत बसलो. बराच वेळ. मजेत.

आज बेल्ट बसवला आणि मशीन फिरलं. अभंग लागला. बुवांचा आवाज आला, अंकल, मी खुर्चीतून उठलोच. गौळण झाली. मग गजराची पेटी सुरू झाली आणि तीन नंबर, चार नंबरवर माझं गिटार. उलटं, दुप्पट वेगात, उंदीर भांडल्यासारखं. उलट्या बाजूची सुरुवात म्हणजे खऱ्या गाण्याचा शेवट, हे मला तेव्हा कळलं.

गजर गेला. बुवांचा गळापण आणि कोरसपण. तुम्ही पस्तीस वर्षं सांभाळलात आणि मी


कट्टा
१८ नोव्हेंबर

प्रिय अंकल,

मशीन चालू झालं!!! चारही काटे नाचायला लागले. बाबापण बघायला आले, म्हणाले "वाजता रे!" आणि परत मिक्सरकडे गेले.

कॅसेट ऐकली. अभंग, गौळण, गजर, सगळं आहे. एकदम क्लिअर. वालावलला जायला थोडे दिवस लागतील, अजून हेड ॲडजस्ट करायचंय.

एक सहज विचारतो. बुवांसारखं गाणारा त्यांचा कोणी शिष्य आहे का इकडे? असंच, मला इंटरेस्ट आहे म्हणून.

तुमचा,
सर्वेश


वसई
२६ नोव्हेंबर

चि. सर्वेश,

"गजर आहे" ही तुझी ओळ मी तीनदा वाचली. जॉयसी म्हणाली, डॅडी, कागद झिजेल. झिजू दे! कॅसेट इतक्या वर्षांत बुरशीने गेली असेल असं मी मनात धरून बसलो होतो. तुला सांगितलं नव्हतं. पोरा, देव तुझं बरं करो.

शिष्य म्हणशील तर शिवा. तुमच्या कट्ट्याच्याच बाजारात नारळ विकतो, बाबांना विचार. कोरसमधला पहिला आवाज त्याचा. गणपतची हुबेहूब नक्कल करायचा, फक्त थोडा नाकात. बुवा व्हायची फार हौस, पण त्याला पेटीवर, बुवाच्या जागेवर, कोणी बसवलाच नाही. गणपत आजारी पडल्यावर मंडळाने बाहेरून बुवा आणला, पण शिव्याला विचारलं नाही. भेट त्याला. बुवाची कॅसेट सापडली म्हटल्यावर नारळ तुला फुकट देईल.

लवकर वालावलला जा.

सेलेस्तीन अंकल


कट्टा
६ डिसेंबर

प्रिय अंकल,

वालावलला जाऊन आलो. मशीन गोधडीत गुंडाळून बाबांच्या स्कूटरवर पुढे ठेवलं. पुलावरून जाताना माझा जीव माझ्यात नव्हता.

रसिकावहिनी दारातच म्हणाल्या, "ह्या एवढा मोठा काय ता? आदी चाय घे, मगे तुझा मशीन." बुवा पडवीत खुर्चीवर बसले होते. माझ्याकडे बघत होते, पण ओळख नसल्यावर बघतात तसं. मी तुमचं नाव सांगितलं. मग मशीनकडे बोट केलं आणि म्हणाले, "सेल... सेलू." तुम्हाला सेलू म्हणतात?

अभंग लावला. उजवा हात मांडीवर तसाच, पण डावा हात हलायला लागला. पुढे-मागे, पुढे-मागे. मला आधी कळलंच नाही. वहिनी म्हणाल्या, "पेटीचो भातो मारतत." गौळणभर तो हात थांबला नाही. मग गजर सुरू झाला आणि हात एकदम थांबला. माझ्याकडे बघत राहिले. इतके रमले होते. संपल्यावर मला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरो... गायलो."

वहिनींनी मोबाइलवर गजर रेकॉर्ड करून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. "बुवांचो गजर गावलो" म्हणून. आता त्यांना माझा सत्कार करायचाय. तुम्ही प्लीज त्यांना नको म्हणून सांगाल का? मला नारळ-शाल वगैरे खरंच नको.

शिवादादांना भेटलो. दुकानात आले होते, मशीनचं टेस्टिंग म्हणून थोडं गायले. माणूस चांगला आहे.

टेक्निकल एक राहिलं. दोन नंबरवर, पेटीच्या मागे, कोणीतरी लांबून गातंय असं ऐकू येत होतं. शेजारच्या ट्रॅकचं गळत असणार, हेडचा प्रॉब्लेम. मी त्या ट्रॅकचं ट्रेबल कमी करून ते दाबून टाकलं. क्लीन झालं.

थोडं बरं वाटत नाहीये, म्हणून इथेच थांबतो.

सर्वेश


वसई
१४ डिसेंबर

सर्वेश,

रसिकाचा जॉयसीला फोन आला होता. तू गेल्यावर गणपत बराच वेळ अर्ध्या तोंडाने हसत होता. मग म्हणाला, "शिवो. शिवो बरो गायलो." तिने विचारलं, "बाबा, ह्यो तुमचो आवाज नाय?" त्याने नाही म्हणून मान हलवली. आणि तोंडावर बोट ठेवलं. पोराला कळू देऊ नको म्हणून. तिला राहवलं नाही, तिने सांगितलं. जॉयसीने मला कागदावर लिहून दाखवलं, कारण ती ओरडून सांगत होती आणि मला वाटत होतं मी चुकीचं ऐकतोय.

मला रागवायचं आहे. पण त्याआधी एक महत्त्वाचं विचारतो, नीट वाच.

दोन नंबरवर लांबून गाणारा माणूस हा हेडचा दोष नाही. बुवा स्वतः पेटी वाजवत गातो. पेटीवर माइक, त्याच्या हातभर वर त्याचं तोंड. त्या माइकमध्ये गणपत शिरणारच. तो गणपतच आहे, गाढवा! तू ट्रेबल कमी केलंस ते नुसतं ऐकताना, की टेपवर परत भरलंस? ऐकताना केलं असशील तर तो अजून तिथे आहे. भरलं असशील तर गेला.

ते आधी कळव. आणि मग झालं काय, ते पहिल्यापासून लिही. बी साइडचं मी मशीनबरोबरच सांगायला हवं होतं, ती चूक माझी. बाकीची तुझी.

सेलेस्तीन


कट्टा
२३ डिसेंबर

अंकल,

ऐकताना केलं होतं. टेपवर आहे. हे पहिलं लिहितोय, कारण तुम्ही ह्याचीच वाट बघत असाल.

सोबत सतरा नोव्हेंबरचं अर्धवट पत्र पाठवतोय. ते तेव्हाच पोस्टात टाकायला हवं होतं. झालं काय ते त्यात आहे. त्याच्या पुढचं इथे लिहितो.

शिवादादांना मी सांगितलं की मशीन टेस्ट करायचंय, बुवांचा गजर म्हणून दाखवा. बिचारे अंघोळ करून, टोपी घालून आले. तुम्ही मोडलेल्या तुकड्याच्या जागी मी चिकटपट्टी लावली, म्हणजे मशीन रेकॉर्ड करेल. हेडफोनवर पखवाज आणि पेटी लावून दिली, ते तीन नंबरवर गायले. मग चार नंबरवर कोरस, तोपण त्यांचाच. मी म्हटलं, मस्त, थँक्यू. आणि तोच आवाज बुवांना बुवांचा म्हणून ऐकवला. पॅरालिसिस झालेल्या माणसाला काय कळणार, असं माझ्या मनात होतं. हे खोडणार होतो, पण खोडत नाही. "बरो गायलो" ऐकून मी सुटलो म्हणून परत येताना स्कूटरवर शिट्टी वाजवत होतो.

तुमचं पत्र आल्यावर आधी शिवादादांकडे गेलो. ते नारळ सोलत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मेल्या, माझो आवाज माका ओळखूक येवचो नाय काय?" त्यांनी ग्रुपवर केव्हाच ऐकला होता. खाली लोकांनी काय काय लिहिलेलं. "असो बुवा परत होवचो नाय." "अंगार काटो इलो." मी सॉरी सॉरी करत होतो, तर ते कोयत्याकडे बघत हळू म्हणाले, "खरा सांगू? मी कोणाक काय बोलूक नाय. माका आयुष्यात पयल्यांदा कोणी बुवा म्हटला. ता पण दुसऱ्याच्या नावान." मग एक शहाळं फोडून माझ्यापुढे ठेवलं. त्यांनी दोन लावल्या असत्या तर बरं झालं असतं, ते शहाळं माझ्याच्याने पिववेना.

काल आम्ही दोघं वालावलला गेलो. मी बुवांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. कॅसेट मी पुसली, शिवादादांना फसवलं, बुवा, तुम्हालापण फसवलं. बुवांचा चेहरा काही हलला नाही. वहिनी म्हणाल्या, "रडा नको रे, तेंका सगळा म्हायत आसा." म्हणजे बुवांना आणि शिवादादांना मी फसवलंच नव्हतं. फक्त मलाच वाटत होतं.

मग तीन आणि चारचे स्लायडर पूर्ण खाली केले आणि दोन नंबर वर चढवला. पेटी मोठी झाली, आणि तिच्या मागे ते आले. शेजारच्या घरात कोणी गात असावं एवढा आवाज. शब्द अर्धे कळतात, अर्धे पेटी खाते. पण चाल स्वच्छ कळते. आणि मध्येच, अंकल, ते पखवाजवाल्यावर ओरडतात, "अरे, धावतंस खंय!" आणि त्याच दमात पुढची ओळ घेतात. वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. बुवांचा डावा हात भाता मारत होता. कॅसेट खटकन थांबली तरी मारतच होता.

शिवादादा भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "बुवा वर जाता, थंय मी खाली इलंय. इतकी वर्सां मी चुकीचाच गायतंय." आणि मग मला वाटतं मंडळातले लोक गेले दोन आठवडे ग्रुपवरून तीच चुकीची चाल पाठ करत असणार. माझ्यामुळे.

बुवांनी परत लाव अशी खूण केली. मी गजराच्या सुरुवातीला नेलं. ह्या वेळी त्यांनी स्वतःच डावा हात पुढे केला, तीन नंबरचा स्लायडर चाचपला आणि वर सरकवला. पूर्ण नाही. अर्ध्यापर्यंत. मग दोघं बरोबर गायला लागले, बुवा लांबून आणि शिवादादा जवळून. त्या जागेवर दोघं वेगळे झाले, एक वर, एक खाली. कानाला ते बरं लागत नाही, खोटं कशाला सांगू. पण बुवांनी स्लायडर खाली केला नाही. मी करायला गेलो तर माझा हात बाजूला सारला.

निघताना मी विचारलं, बुवा, ग्रुपवर खरं लिहू? ते शिवादादांकडे बघत राहिले. शिवादादा म्हणाले, "लिही." स्कूटरवर बसल्यावर म्हणाले, "फाल्या लिही."

म्हणून काल नाही, आज सकाळी लिहिलं. गजर मी पुसला, जो तुम्ही ऐकलात तो शिवादादांचा. बुवांचं नाव घेऊन मी खोटं बोललो. एकाने हसणारं तोंड टाकलं. एकाने लिहिलं, "सत्कार कॅन्सल." बाबांनी वाचलं आणि गिऱ्हाइकाचा मिक्सर उघडून बसले. नेहमीसारखी शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. दुपारी मंडळाच्या सेक्रेटरींनी मला वेगळा मेसेज केला. जे काय राहिलंय त्याची त्यांना कॉपी पाहिजे. पुढे पोरांना शिकवायला तीच वापरणार.

कॉपीत चार ट्रॅक वेगळे राहत नाहीत. सगळं एकात मिसळतं आणि तेच कायमचं राहतं. तीन नंबर पूर्ण खाली ठेवला तर एकटे बुवा, लांबचे, अर्धे पेटीने खाल्लेले, पण चाल बरोबर. बुवांनी ठेवला तिथे ठेवला तर शिवादादापण राहतात आणि त्यांची चूकपण. बुवांना विचारायला परत जाणार होतो, पण त्यांनी उत्तर दिलंय, मलाच ते नीट वाचता येत नाही. शिवादादांना विचारायची तर मला लाजच वाटते. आतापर्यंत ह्या कॅसेटचं जे जे मी स्वतः ठरवलं, ते सगळं चुकलं. मशीन समोर चालू ठेवलंय आणि हात लावत नाहीये.

तुम्ही बुवांना शाळेपासून ओळखता. त्यांनी तो स्लायडर अर्ध्यावर का थांबवला असेल? मी तीन नंबर कुठे ठेवू, अंकल, तुम्हाला काय वाटतं?

सर्वेश